पांढरा बर्फ अर्धा धरायचा

तिला सून नव्हती. एकच मुलगी, तीही लग्न होऊन दूरच्या शहरात गेलेली, त्यामुळे सून यायची सोयच नव्हती. तरी अख्खं गाव तिला सासूबाई म्हणायचं. पोस्टमन म्हणायचा, बेकरीवाला म्हणायचा, शाळेतली पोरं तर तोंडावर म्हणायची, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. तळ्यावर बर्फ धरला की तो तपासायचं काम तिचं होतं. नव्या सुनेचा स्वयंपाक चाखणारी सासू पहिल्या घासालाच नाक मुरडते ना, तशी ही बर्फाला नाक मुरडायची. "वरवर बरा दिसतोय, आतून पोकळ आहे." "इथे वाऱ्याने सुरकुत्या पाडल्यात, मला नाही आवडला." "हा भाग फारच गुळगुळीत. एवढा गोडवा बरा नव्हे." लोक हसायचे, पण तिने काठावरचं फाटक उघडल्याशिवाय तळ्यावर पाऊल टाकायची कोणाची छाती नव्हती.

गाव तळ्याच्या अलीकडच्या काठाला, पार उत्तरेला, जिथे हिवाळ्यात सूर्य तोंड दाखवायलाही कुरकुरतो. पलीकडच्या काठाला दगडाची खाण आणि खाणीच्या आधाराने उभी राहिलेली वस्ती. मधे तळं, एवढं रुंद की स्वच्छ हवेत पलीकडची घरं मोहरीएवढी दिसायची. उन्हाळ्यात लाँच चालायची, हिवाळ्यात बर्फावरून रस्ता. रस्ता म्हणजे काय, तर वरचा हिम झाडून साफ केलेली एक पट्टी आणि तिच्या दोन्ही कडांना रोवलेल्या लाल झेंड्या. बर्फ वीतभर झाला की माणसांनी चालायचं, हातभर झाला की ट्रॅक्टर न्यायचा, दोन हात झाला की भरलेली लॉरी. हे मोजमाप तिला सासऱ्यांनी शिकवलेलं.

त्या सासऱ्यांची एक गंमतच होती. खरं तर हे काम त्यांनी मुलाला द्यायचं. पण मुलगा, म्हणजे हिचा नवरा, बर्फाला असा भ्यायचा की अंगणातल्या बादलीत पाणी गोठलं तरी वळसा घालून जायचा. माणूस देवासारखा, कधी आवाज चढवला नाही, पण तळ्याकडे पाठ करून जन्म काढला बिचाऱ्याने. शेवटी म्हाताऱ्याने एका सकाळी गिरमिट आणि पहार सुनेच्या हातात ठेवली. "तू तोंडाची फटकळ आहेस, तूच बरी," म्हणाले. "बर्फाशी गोड बोलणारा माणूस बुडतो." सुनेचं असं कौतुक करणारा सासरा तिने तरी दुसरा पाहिला नव्हता.

गिरमिटाने भोक पाडायचं, आकडीची पट्टी आत सोडायची, आकडी बर्फाच्या खालच्या कडेला अडकवायची आणि जाडी बघायची. एवढं कोणालाही जमेल. खरी मेख पुढेच. बर्फात दोन जाती. थंडीने तळ्याचं पाणीच गोठतं तो काळा बर्फ. काचेसारखा असतो, खालचं गडद पाणी त्यातून दिसतं म्हणून काळा म्हणायचा. आणि वर पडलेला हिम भिजतो, त्याचा चिखल होतो आणि तो चिखल गोठतो तो पांढरा. दिसायला दुधासारखा देखणा, पण पोटात सगळे हवेचे बुडबुडे, ताकद निम्मी. म्हणून सासऱ्यांचा नियम होता: काळा पूर्ण धरायचा, पांढरा अर्धा. हातभर पांढरा असेल तर तो वीतभरच समजायचा. हा नियम तिने जन्मभर पाळला, आणि त्या जन्मभरात तळ्याने तिच्या रस्त्यावरून एक माणूस किंवा एक चाक घेतलं नाही. याचा तिला गर्व होता का? होता. चांगला घसघशीत होता.

आता तळ्याचीच चाल बिघडली, त्याला ती काय करणार? ती नवीन लग्न होऊन आली तेव्हा भर उन्हाळ्यातही तळ्याच्या मधोमध बर्फाची एक भली मोठी लादी तरंगत राहायची. लाँच तिला वळसा घालून जायची आणि लाँचवाला येता-जाता तिला शिव्या द्यायचा. मग ती लादी दर उन्हाळ्यात लहान व्हायला लागली. पुढे एका वर्षी ती अर्ध्या उन्हाळ्यातच विरघळली, आणि त्यानंतर कोणाला दिसली नाही. लाँचवाल्याला आनंद झाला. बाकी कोणी फारसं मनावर घेतलं नाही. पण त्यानंतरच्या हिवाळ्यांत तळं गोठायला उशीर करायला लागलं. जिथे पूर्वी घसरगाड्या पळायच्या त्या दिवसांत आता काठावर लाटा यायच्या, आणि लोक खिडकीतून बघत म्हणायचे, "काय हे!"

याचं उत्तर तिच्या घरातच वरच्या खोलीत राहायचं. भाडेकरू. विद्यापीठात तळ्यांचा अभ्यास करणारा, पोट सुटलेला, टक्कल पडलेला, डब्याडब्यांतून तापमापकं घेऊन दर हिवाळ्याला येणारा गृहस्थ. तळ्यात दोऱ्या सोडून बसायचा आणि घरी आला की पाव खाता खाता बोलत सुटायचा. जन्माचा बोलघेवडा. पण समजावून सांगायची हौस दांडगी.

"सासूबाई, बर्फाचं पांढरं झाकण होतं तोवर तळ्यावर पडलेलं ऊन परत जायचं," तो सांगायचा. "आता झाकण लवकर जातं. खालचं गडद पाणी उघडं पडतं आणि उन्हाळाभर ऊन पीत बसतं. मग थंडी आली तरी पोटातली ऊब लवकर सुटत नाही. गोठायला उशीर. उशिरा गोठलं म्हणून बर्फ पातळ, पातळ म्हणून लवकर फुटतो, आणि लवकर फुटला की पाणी परत ऊन प्यायला मोकळं."

"म्हणजे पितंय, उतरत नाही, उतरायच्या आत परत पितंय."

"अगदी बरोबर."

"मग दारुड्यासारखं झालंय असं सरळ सांगा ना. उगीच एवढा पाव संपवलात."

दोघांचं असं चालायचं. ती त्याला शिकलेला म्हणून भीत नव्हती आणि तो तिला अडाणी समजत नव्हता. दोघेही एकाच तळ्याची नाडी बघत होते, एक वरून, एक खालून. त्याचे आकडे आणि तिची पट्टी कधी भांडली नाहीत.

त्यात भर हिवाळ्यात पाऊस पडायला लागला. हिवाळ्यात पाऊस! सासऱ्यांना हे सांगितलं असतं तर त्यांनी हिच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं असतं. पाऊस हिमावर पडायचा, हिमाचा चिखल व्हायचा, चिखल गोठून पांढरा बर्फ वाढायचा, आणि खालचा काळा मात्र बोटा-बोटाने कमी होत जायचा. रस्ता उघडायला उशीर झाला, मग लॉरीला मिळेनासा झाला, मग ट्रॅक्टरलाही जेमतेम. लॉरी जाईना म्हणून पलीकडे तेल पोचेना, तेल पोचेना म्हणून खाण बंद झाली, खाण बंद झाली म्हणून वस्ती उठली. गेल्या दोन उन्हाळ्यांत लाँचने कपाटं, पलंग, कोंबड्या, म्हातारेकोतारे असं सगळं अलीकडे आणून टाकलं. मग लाँचवाल्यानेही लाँच विकली. पलीकडे कोणी नाहीच तर कोणाला आणायचं?

कोणी नाही म्हणजे दोघं होती. एक खाणीचा राखणदार, आणि दुसरी हिची सख्खी थोरली बहीण, ताई.

ताई म्हणजे एक प्रकरणच होतं. दोन्ही बहिणी तळ्याच्या दोन काठांना दिल्या होत्या. ताईचा नवरा खाणीत मिस्त्री होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. सगळी वस्ती लाँचमधे बसली तेव्हा ताई काठावर उभी राहून हात हलवत होती. कारण काय, तर तिला लाँच लागते. एकदा बसली होती, तेव्हा पोटातलं सगळं तळ्यात गेलं आणि अब्रूही गेली, असं तिचं म्हणणं. "मी बर्फावरून नवरी होऊन आले, बर्फावरूनच येईन. बर्फ धरला की येते." सगळ्यांनी समजावलं. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. पहिल्या हिवाळ्यात बर्फ ट्रॅक्टरपुरता झाला नाही आणि ताईला तर कपाट आणि लोखंडी चूल घेतल्याशिवाय यायचं नव्हतं. तिला वाटलं, पुढच्या वर्षी.

या वर्षी मात्र पुढच्या वर्षी म्हणायची सोय नव्हती. हिवाळ्याच्या तोंडालाच ताई लाकडं काढताना ढिगावरून घसरली आणि मनगट मोडून बसली. राखणदाराने हाताला फळ्या बांधल्या, लाकडं फोडून दिली, पाणी भरून दिलं. पण हिवाळा सरता सरता मालकांनी राखणदारालाच परत बोलावलं. तो डोंगराच्या धारेवरून स्नो-स्कूटरने मागच्या मागे जाणार होता, आणि ती वाट म्हणजे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. ताईला तिथून येणं शक्यच नव्हतं. म्हणजे हिशेब साधा होता: राखणदार जायच्या आत बर्फाचा रस्ता उघडला तर तो ताईला खाणीच्या ट्रॅक्टरवरून अलीकडे सोडणार, नाही उघडला तर एका हाताची म्हातारी त्या रिकाम्या वस्तीत एकटी, चूल पेटवायला लाकूडही फोडता न येणारी.

सासूबाई रोज सकाळी गिरमिट घेऊन तळ्यावर जायची. रोज भोकं पाडायची, रोज तोंड पाडून परत यायची. संध्याकाळी ताईचा फोन. पलीकडचा मोबाइलचा टॉवर वस्ती उठल्यावर उतरवून नेला होता, पण ताईच्या घरातला जुना फोन अजून चालू होता.

"काय गं चिमे, काय म्हणतंय तळं?" साठी उलटली तरी ताईला ती चिमीच होती.

"अजून नाही, ताई. पोकळ आहे. मधे तर नुसता लगदा आहे. काठाला भेगा आहेत. मला नाही आवडला."

"तुला काय आवडलंय आजवर! बरं, उद्या बघ."

मग शेवटी थंडीची एक लाट आली. हवा एकदम कोरडी, आभाळ निळं, नाकातला श्वास गोठेल अशी. दोन दिवस तळं बर्फ धरत रात्रंदिवस कडाडत होतं आणि सासूबाईच्या जीवात जीव आला. तिसऱ्या सकाळी ती गेली, झेंड्यांच्या कडेने भोकं पाडत पाडत पार मधापर्यंत गेली. पट्टी आत सोडली. आकडी लागली. बघते तर हातभर! हातभर आणि वर दोन बोटं! ट्रॅक्टरचा बर्फ.

तिने गिरमिटाने काढलेला चुरा बघितला. पांढरा. वाकून भोकात बघितलं. वरून जवळजवळ सगळा पांढरा, तळाशी काळ्याची चार बोटांची कड. पांढरा अर्धा धरला तर सगळं मिळून धड दीड वीतही होत नव्हतं. माणूस चालेल, ट्रॅक्टर नाही. हे तिला कळलं नाही असं समजू नका. तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हे सांगितलं असतं. पण ती तिथे गुडघ्यावर बसून राहिली आणि तिला काय दिसत होतं, तर ताई एका हाताने कुऱ्हाड उचलतेय. मन मोठं चलाख असतं. म्हणालं, थंडी कडक आहे, हा पांढरा काही नेहमीसारखा नाही. म्हणालं, ट्रॅक्टर तरी कुठे मोठा आहे. म्हणालं, सासऱ्यांच्या वेळचा काळ वेगळा, तेव्हा काळा भरपूर होता म्हणून नियमाचे चोचले परवडत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं तसं तिने पांढरा पूर्ण धरला, आणि उठली. आयुष्यात पहिल्यांदा.

घरी येऊन तिने फोन लावला. "ताई, ये. बर्फ छान आहे. ट्रॅक्टर चालेल. उद्या सकाळी निघ."

"छान?"

"हो. छान आहे."

"बरं," ताई म्हणाली आणि फोन ठेवला. एरवी अर्धा अर्धा तास बोलणारी बाई.

सासूबाईने वरची दुसरी खोली झाडली, गादीला ऊन दिलं, उशीला नवीन अभ्रा घातला. ताईला भिंतीकडची बाजू लागते म्हणून पलंग सरकवला. कपाट कुठे मावेल ते हाताने मोजलं. मधेच गाणं गुणगुणायला लागली, तेव्हा भाडेकरू दारातून डोकावून बघून गेला, की घरात दुसरं कोणी आलंय की काय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं न्याहारीला बसली. भाडेकरूने पावाला लोणी लावता लावता सहज विषय काढला. "काल मीही मधे भोकं पाडली. काय हो, पांढराच पांढरा! काळा नावालाच. इतकी वर्षं मोजतोय, एवढा उलटा प्रकार पाहिला नव्हता. सकाळी फाटक उघडं दिसलं तेव्हा म्हटलं, चला, निदान माणसांसाठी तरी रस्ता झाला."

त्याच्या मनात काही नव्हतं. तो लोणी लावत होता. पण चोराच्या मनात चांदणं.

"ट्रॅक्टरला उघडलंय," ती म्हणाली.

भाडेकरूने सुरी खाली ठेवली. तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भीती होती. कालपासून जे तिने पायाखाली दाबून ठेवलं होतं ते एकदम वर आलं: ताई ट्रॅक्टरवर बसलीय, मागे लोखंडी चूल, आणि खाली चार बोटं काळा.

तिने फोनवर झडप घातली. घंटा वाजत राहिली. वाजत राहिली. कोणी उचलेना. म्हणजे निघाली. घराला कुलूप लावून निघाली.

"मी येतो," भाडेकरू बूट शोधायला लागला.

"तुम्ही नका येऊ. तुमच्या वजनाला मी काळा बर्फही दिला नसता. फोन लावत राहा, लागला तर सांगा, ट्रॅक्टर बर्फावर घालू नका. सासूबाई चुकली म्हणून सांगा." हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून इतक्या सहज निघालं की तिलाच नवल वाटलं.

पहार घेतली, कमरेला दोर गुंडाळला आणि ती निघाली. साठीची बाई बर्फावरून पळत नाही, पळू नये, पण ती पळण्याच्या अगदी जवळचं काहीतरी करत होती. हिवाळा सरत आल्यामुळे दिवस लवकर उजाडला होता आणि ऊन बर्फावर सरळ पडत होतं. झेंड्या मागे पडत होत्या. ती मोठ्याने स्वतःला शिव्या देत होती. म्हातारे, तुला काय अक्कल! जन्मभर दुसऱ्यांच्या पोरीबाळींना अडवलंस, लग्नाची वऱ्हाडं परत पाठवलीस, डॉक्टरची गाडी परत पाठवलीस, आणि स्वतःच्या बहिणीची पाळी आली तेव्हा भरभरून माप घातलंस. कोणाला देतेस गं हे माप? तळ्याला?

अर्ध्या वाटेवर ती थांबली, आडवी झाली आणि कानटोपी वर करून कान बर्फाला लावला. इंजिन बर्फावर आलं की त्याची घरघर पार दुसऱ्या काठापर्यंत ऐकू येते, तिच्या सासऱ्यांनी लॉऱ्या अशाच ओळखल्या होत्या. तिने श्वास रोखला. घरघर नव्हती. एक तर ट्रॅक्टर अजून बर्फावर आला नव्हता, नाहीतर आता तो बर्फावर राहिला नव्हता. तिने कान आणखी दाबून धरला. मग कानात काहीतरी आलं. खर्र. खर्र. घासत घासत काहीतरी येत होतं, थांबत होतं, परत येत होतं.

ती उठली आणि डोळ्यांवर हात धरून बघितलं. लांब झेंड्यांच्या मधोमध एक ठिपका. ट्रॅक्टर नाही. धूर नाही. उभा, बारीक, डुलत डुलत चाललेला ठिपका. ते डुलणं तिने लाख माणसांत ओळखलं असतं. लहानपणी शाळेच्या वाटेवर ती याच डुलण्याच्या मागून चालली होती. सासूबाई तिथे उभ्या उभ्या रडायला लागली, आणि रडत रडत परत पहार टेकत चालायला लागली.

ताई कमरेला दोरी बांधून एक लहानशी घसरगाडी ओढत होती. गाडीवर एक ट्रंक आणि एक गाठोडं. मोडका हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्या हातात काठी. चेहरा लालबुंद.

"ट्रॅक्टर कुठंय?" सासूबाई लांबूनच ओरडली.

"काठावर. राखणदार चिडलाय माझ्यावर. बिचाऱ्याने कपाट चढवलं, चूल चढवली, दोरखंड आवळले, इंजिन सुरू केलं, आणि मी म्हटलं, उतरव सगळं. तुझं तुला ठेव, मी चालत जाते."

"का पण?"

"तूच म्हणालीस ना, छान आहे."

"हो, मग?"

"मग काय? चिमे, तू जन्मात कधी कशाला छान म्हणालीयस? माझ्या लग्नात माझ्या कपड्यांना नावं ठेवलीस. तुझ्या मेव्हण्याच्या नाकाला नावं ठेवलीस. तळं लोखंडासारखं गोठायचं तेव्हा अर्धा तास त्याची उणीदुणी काढायचीस आणि मग म्हणायचीस, ये, पण जपून ये. आणि काल एकदम छान? फोन ठेवला आणि म्हटलं, एक तर हिला बरं नाही, नाहीतर बर्फाला. काहीही असलं तरी निघायला तर हवंच होतं. पण चूल घेऊन नको."

सासूबाईला हसू येत होतं आणि रडूही थांबत नव्हतं. नाक पुसून ती म्हणाली, "ताई, मी पांढरा पूर्ण धरला."

ताई काही बर्फ तपासणारी नव्हती, पण या तळ्यावर जन्म गेलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. तिने खाली पायाकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"मला तू हवी होतीस गं," सासूबाई म्हणाली. "बाकी काही नाही. मला तू घरी हवी होतीस, म्हणून मी तुला बुडवायला निघाले होते."

"आले की मग," ताई म्हणाली. "रडतेस कशाला? डोळे सुजलेले घेऊन घरी नेतेस का मला? भाडेकरूला काय वाटेल!" आणि चांगल्या हाताने तिने धाकटीची कानटोपी कानांवर ओढली.

ऊन चढत होतं. दोघी उभ्या होत्या तिथल्या भेगेतून पाणी हळूहळू वर येऊन बुटांभोवती पसरायला लागलं होतं. सासूबाईने ते बघितलं आणि तिच्यातली सासूबाई परत जागी झाली. "चल. एका जागी उभं राहायचं नाही. उभं राहिलं की बर्फ खचत जातो. आणि माझ्या जवळ येऊ नको, दोराच्या लांबीएवढी मागे राहा." तिने कमरेचा दोर सोडून एक टोक ताईच्या कमरेला बांधलं, एक स्वतःच्या. घसरगाडी स्वतःच्या मागे लावली, ताईला तिच्याही मागे ठेवलं. पुढे पहार ठोकत ती निघाली. जाता जाता हाताशी येणारी प्रत्येक झेंडी उपटून गाडीवर टाकत होती. झेंड्या भुसभुशीत बर्फातून अलगद निघत होत्या. हा रस्ता तिने सासऱ्यांकडून घेतला होता आणि पुढे कोणाला द्यायचा नव्हता. तिला माहीत होतं, ताईलाही माहीत होतं.

थोडं अंतर गेल्यावर मागून आवाज आला. "चिमे, जरा थांबतेस? एकदा मागे बघू दे. घर नीट बघितलंच नाही निघताना. कुलूप लावायच्या गडबडीत राहून गेलं."

ताईचं सगळं आयुष्य त्या काठाला होतं. संसार, नवरा, अंगण, त्या नवऱ्याची माती. "नाही गं ताई, थांबता येत नाही," ती म्हणाली. "खाली पाणी आहे. चालत राहा."

मग दोराला वेगळाच झोल यायला लागला. सासूबाईने मान वळवून बघितलं. ताई उलटी चालत होती. पाठ हिच्याकडे, तोंड पलीकडच्या काठाकडे, काठी मागे टेकत, कमरेच्या दोराच्या भरवशावर एक एक पाऊल मागे टाकत येत होती. सत्तरीला टेकलेली बाई!

"पडशील ना गं!"

"तू ओढ. दोर ताठ ठेव, मला कळतं कुठे जायचं ते."

सासूबाईने दोर ताठ ठेवला. पावलं लहान केली. खड्डा आला की "डावीकडे" म्हणायची, भेग आली की "मोठं पाऊल" म्हणायची. मागून मधून मधून ताईचा आवाज यायचा, बातम्या दिल्यासारखा. "धुराडं दिसतंय." थोड्या वेळाने, "छप्पर दिसतंय अजून." मग, "राखणदाराने ट्रॅक्टर आत घेतला वाटतं." मग बराच वेळ नुसती पावलं. "दिसतंय," ताई म्हणाली. "अजून दिसतंय."

अलीकडच्या काठावर भाडेकरू फाटकाजवळ उड्या मारताना दिसायला लागला तेव्हा दोर एकदम सैल पडला. सासूबाई दचकून वळली. ताई सरळ झाली होती, तोंड इकडे करून, चांगल्या हाताने डोळे पुसत.

"नाही दिसत आता," ती म्हणाली. "चल, किती हळू चालतेस!"